बियाणे नाकारण्याचा हक्क: पेरणीआधी काय करावे आणि पेरणीनंतर काय उरते

आपल्याकडे सोयाबीनचे बियाणे बहुतेक जण केव्हा घेतात? मृगाचा एखादा चांगला पाऊस झाला, वाफसा येतोय असे दिसले की तालुक्याच्या गावी जातात, संध्याकाळी पिशव्या घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिफणीत किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात रिकाम्या होतात. खराब माल परत करण्याचा जो हक्क कायद्याने तुम्हाला दिला आहे, तो या घाईत एका रात्रीत संपतो. पेरणीनंतर भरपाई मागता येते, पण ती वाट लांबची आहे आणि तिथे प्रत्येक पावलाला कागद लागतो.

त्यामुळे या लेखात पिशवी शिलाईत असताना करायच्या गोष्टी सविस्तर दिल्या आहेत. पेरणीनंतरच्या तक्रारीची माहिती त्यापुढे आहे. उदाहरण सोयाबीनचे घेतले आहे, कारण परभणी जिल्ह्यात उगवणीच्या तक्रारी सर्वाधिक त्याच पिकाच्या येतात. मात्र नियम तूर, मूग, हरभरा, ज्वारी या बियाण्यांनाही तेच लागू होतात.

२०२० च्या खरिपात काय झाले

२०१९ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन काढणीला आले असताना मराठवाड्यात पाऊस लागून राहिला. शेंगा झाडावर आणि गंजीत भिजल्या. तेच सोयाबीन पुढे बियाणे म्हणून आले. २०२० च्या जूनमध्ये परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड अशा सगळ्या जिल्ह्यांतून उगवण न झाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या बियाण्यांबद्दल त्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली.

त्या हंगामात आम्ही पाहणीला गेलो तेव्हा दोन प्रकारचे शेतकरी भेटले. काहींनी पिशवी, लेबल, बिल आणि मूठभर बियाणे जपून ठेवले होते. उरलेल्यांनी पिशव्या शेण भरायला नेल्या होत्या आणि बिल मुळात घेतलेच नव्हते. नुकसान दोघांचे सारखेच होते. पुढे जे झाले ते मात्र सारखे नव्हते.

सोयाबीनमध्येच हा त्रास जास्त का, हे समजून घेतले तर तपासणीचे महत्त्व कळते. या बियाण्याचे टरफल फार पातळ असते आणि अंकुराचा भाग टरफलाच्या अगदी खाली असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त असला, पिशवी उंचावरून आपटली, थप्पी फार उंच लावली, तरी दाणा बाहेरून टपोरा दिसतो आणि आत अंकुर मेलेला असतो. म्हणून सोयाबीनचे बियाणे नजरेने पारखता येत नाही. त्याची उगवणच तपासावी लागते.

कायदा काय म्हणतो

चार कायदे एकत्र वाचावे लागतात. वकिली भाषा टाळून सांगतो.

पहिला बियाणे अधिनियम, १९६६. अधिसूचित वाणाचे बियाणे विकायचे तर ते ठरवून दिलेल्या किमान उगवण व शुद्धतेचे असले पाहिजे आणि तसे लेबल पिशवीवर असले पाहिजे. सोयाबीनची किमान उगवणशक्ती ७० टक्के, तूर, मूग आणि ज्वारीची ७५ टक्के, हरभरा आणि गव्हाची ८५ टक्के. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा आणि सत्यप्रत म्हणजे ट्रुथफुल बियाण्याला हिरवा. टॅगचा रंग कोणताही असो, किमान उगवणीची अट सुटत नाही. सत्यप्रत बियाण्यावर प्रमाणीकरण यंत्रणेची मोहर नसते, एवढाच फरक. त्याच्या लेबलवर जे छापले त्याची जबाबदारी सर्वस्वी कंपनीची.

दुसरा, १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा बियाणे नियंत्रण आदेश, १९८३. याखाली दुकानदाराला परवाना लागतो, साठा आणि दराचा फलक लावावा लागतो आणि प्रत्येक विक्रीचे बिल द्यावे लागते.

तिसरा कायदा फार जुना आहे, माल विक्री अधिनियम, १९३०. माल परत करण्याच्या हक्काचे मूळ इथे आहे. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाचा असला पाहिजे, हे कलम १५. माल विकण्यायोग्य दर्जाचा असला पाहिजे, हे कलम १६. पेरणीसाठी म्हणून विकलेले बियाणे उगवतच नसेल तर ते बियाणे म्हणून विकण्यायोग्य नाही, मग ते खायला चांगले का असेना. कलम ४१ प्रमाणे माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो ‘स्वीकारला’ असे धरले जात नाही. आणि कलम ४२ मध्ये स्वीकार कधी झाला ते दिले आहे: तुम्ही तसे कळवले तर, मालाबाबत मालकासारखी कृती केली तर, किंवा काही न कळवता वाजवी काळ माल ठेवून घेतला तर.

पेरणी ही अशीच मालकासारखी कृती आहे. एकदा बियाणे मातीत गेले की ‘हा माल मला नको, पैसे परत द्या’ असे म्हणण्याचा हक्क संपतो. त्यानंतर त्या दोषाबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्क तेवढा राहतो. माल परत करताना दोष दाखवला की पुरते. भरपाई मागताना मात्र दोष, नुकसान आणि त्या दोषामुळेच ते नुकसान झाले, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात.

कलम १६ मधली एक बारीक गोष्ट दुकानात उपयोगी पडेल. तुम्ही ठरावीक कंपनीच्या ठरावीक नावाचे बियाणे मागून घेतले, तर ते तुमच्या विशिष्ट गरजेला योग्य आहे याची हमी दुकानदाराने दिली असे कायदा धरत नाही. पण ‘माझी जमीन हलकी आहे, लवकर येणारे वाण द्या’ असे सांगितले आणि दुकानदाराने स्वतः निवडून दिले, तर ती जबाबदारी त्याच्यावर येते. विकण्यायोग्य दर्जाची अट मात्र दोन्ही वेळी असतेच.

चौथा, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. दोष असलेला माल परत न घेणे आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणे ही या कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलाच्या तळाशी छापलेली ओळ सदोष मालाला लागू होत नाही. मन बदलले म्हणून माल परत करायचा असेल तर दुकानदार नाही म्हणू शकतो, तो त्याचा अधिकार आहे. शेजाऱ्याने दुसरे वाण घेतले किंवा दुसऱ्या दुकानात भाव कमी होता, ही कारणे कायद्यात बसत नाहीत.

हाच जुना कायदा मोंढ्यात उलट बाजूने तुमच्या समोर येतो. तिथे तुम्ही विक्रेते असता आणि खरेदीदाराला माल पाहून नाकारण्याचा हक्क असतो. पण त्याने माल पाहून, बोली लावून, माप करून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी ‘ओल जास्त निघाली’ म्हणून कटती लावणे बरोबर नाही. तपासायची संधी त्याला आधी मिळाली होती. असे झाल्यास बाजार समितीत लगेच लेखी तक्रार द्यावी.

घरी तपासणी कशी करावी

बियाणे मे अखेरपर्यंत घ्यावे. तपासणीला ५-६ दिवस लागतात आणि निकाल वाईट आला तर बदली पिशवी आणायला आणखी काही दिवस हाताशी हवेत.

चार पिशव्या घेतल्या असतील तर आधी लॉट क्रमांक पहावा. चारही एकाच लॉटच्या असल्या तर एकच पिशवी उघडावी, बाकी तीन शिलाईत राहू द्याव्यात. लॉट वेगळे असतील तर प्रत्येक लॉटची एक पिशवी. पिशवी टॅगच्या बाजूने कधीच फोडू नये. खालच्या बाजूला कोपऱ्यात छोटी चीर द्यावी, टॅग आणि वरची शिलाई तशीच राहिली पाहिजे. पिशवी उलटसुलट करून तीन-चार ठिकाणचे दाणे घ्यावेत. ३०० दाण्यांचे वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम भरते. तेवढे काढल्याने पिशवी ‘वापरली’ असे होत नाही. कायद्याने दिलेली तपासणीची संधी ती हीच.

स्वच्छ धुतलेले गोणपाट ओले करून पसरावे. त्यावर १० ओळींत १०-१० असे १०० दाणे, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून मांडावेत. वरून दुसरे ओले गोणपाट झाकून हलकी गुंडाळी करावी. अशा तीन गुंडाळ्या कराव्यात. दाणे आधी भिजत घालू नयेत. पाणी रोज शिंपडावे, पण गुंडाळीतून पाणी निथळत राहील इतके नको; दाणा कुजतो.

इथे परभणीच्या उन्हाळ्याची एक अडचण आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४० अंशांच्या पुढे पारा जातो आणि त्या उष्णतेत चांगले सोयाबीनही नीट उगवत नाही. प्रयोगशाळेत ही तपासणी साधारण २५ अंशांना होते. म्हणून गुंडाळ्या घरातल्या सर्वांत गार जागी, रांजणाजवळ किंवा मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवाव्यात. शेजारी घरच्या किंवा ओळखीच्या चांगल्या बियाण्याची एक गुंडाळी अवश्य ठेवावी. तीही उगवली नाही तर दोष तुमच्या तपासणीत आहे. ती ८० वर गेली आणि विकत घेतलेले ५० वर थांबले, तर शंका घ्यायला जागा आहे.

पाचव्या-सहाव्या दिवशी मोजावे. मोड दिसला म्हणजे उगवले, असे नाही. मूळ आणि कोंबाचा दांडा दोन्ही सरळ, निरोगी वाढले असतील तेच रोप धरावे. नुसते टरफल फुटलेले, मूळ खुंटलेले, दांड्याला भेग पडलेले, बुरशी लागलेले दाणे सोडून द्यावेत. तिन्ही गुंडाळ्यांची सरासरी काढावी.

सरासरी ७० किंवा जास्त असेल तर ठीक. ६५ ते ७० च्या मध्ये असेल तर पुन्हा तपासावे, कारण घरच्या तपासणीत एवढा फरक पडू शकतो. त्याहून खाली असेल तर त्या पिशव्या पेरू नयेत. ‘दोन किलो जास्त टाकू’ हा विचार घरच्या बियाण्यासाठी ठीक आहे. पैसे मोजून घेतलेल्या, ७० टक्के छापलेल्या बियाण्याचा दोष तुम्ही स्वतःच्या खर्चाने भरून काढायचे कारण नाही.

अधिकृत निकाल हवा असेल तर परभणीलाच कृषी विभागाची बीज परीक्षण प्रयोगशाळा आहे. राज्यातल्या अशा इतर प्रयोगशाळा पुणे आणि नागपूरला आहेत. शुल्क भरून शेतकऱ्याला आपला नमुना तिथे तपासून घेता येतो. सोयाबीनसाठी साधारण एक किलो नमुना न्यावा, लॉट क्रमांक आणि वाणाचे नाव लिहून. तुम्ही स्वतः दिलेल्या नमुन्याचा अहवाल दुकानदारापुढे ठेवायला पुरेसा असतो. खटल्यात मात्र बियाणे निरीक्षकाने दुकानातून रीतसर घेतलेल्या नमुन्याला जास्त वजन असते.

पिशवी परत कशी करावी

तोंडी भांडण करू नये. दोन प्रतींत अर्ज लिहावा, एक दुकानदाराला द्यावी, दुसरीवर त्याची सही-शिक्का घ्यावा. मजकूर असा पुरेसा आहे:

‘मी दिनांक ____ रोजी बिल क्र. ____ ने आपल्याकडून ____ वाणाच्या ____ पिशव्या (लॉट क्र. ____) पेरणीसाठी घेतल्या. लेबलवर उगवणशक्ती ____ टक्के नमूद आहे. तपासणीत ती ____ टक्के आढळली. हा माल मी स्वीकारलेला नाही व तो नाकारत आहे. माल परत घेऊन संपूर्ण रक्कम ____ दिवसांत परत करावी.’

‘माल मी स्वीकारलेला नाही’ हे शब्द गाळू नयेत. दुकानदाराने सही दिली नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा आणि एक प्रत पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना द्यावी. कायद्याने नाकारलेला माल दुकानापर्यंत पोचवण्याची सक्ती तुमच्यावर नाही, नाकारल्याचे कळवणे पुरते. तरीही मी म्हणेन की पिशव्या स्वतः घेऊन जा आणि उघडलेल्या पिशवीतले किलोभर बियाणे, दुकानदारासमोर सील करून, आपल्याकडे ठेवा. बहुतेक प्रकरणे दुकानातच मिटतात. दुकानदारालाही ती पिशवी कंपनीला परत करता येते, त्याचे नुकसान होत नाही. तुमच्या अर्जाची प्रत त्यालाही कंपनीकडे उपयोगी पडते, हे त्याला शांतपणे सांगितले की आवाज खाली येतो.

‘फोडलेली पिशवी कंपनी घेत नाही’ हे उत्तर हमखास येईल. न फोडता उगवण कशी तपासायची, असे विचारावे. आणि बाकीच्या त्याच लॉटच्या पिशव्या तर शिलाईतच आहेत.

बिल नसेल तर

उधारीवर माल घेणाऱ्यांचा हा प्रश्न आहे आणि आपल्याकडे उधारीवर न घेणारे किती? ‘पैसे देशील तेव्हा बिल देतो’ असे सांगून चिठ्ठीवर आकडा लिहून देतात. उधारीची विक्रीही विक्रीच आहे. बिल त्याच दिवशी, ‘उधार’ असे लिहून, घ्यावे. त्यावर वाण, कंपनी, लॉट क्रमांक, वजन, किंमत आणि तुमचे पूर्ण नाव असावे. लॉट क्रमांक पिशवीवरच्या टॅगशी तिथेच ताडून पहावा. घरी आल्यावर चूक सापडली की ती दुरुस्त करणे कठीण होते. बिलाचा, टॅगचा आणि पिशवीचा फोटो मोबाइलमध्ये काढून घरच्या कुणाला पाठवून ठेवावा; कागद भिजतो, फोटो राहतो.

कापसात तणनाशक सहनशील म्हणून जे अनधिकृत बियाणे चोरून विकले जाते, त्याबद्दल स्पष्ट सांगतो. त्याला सरकारची मान्यता नाही, लेबल खरे नाही, बिल मिळत नाही. ते उगवले नाही, भेसळ निघाली, दुसरेच काही निघाले, तर कुणाकडे जाणार? विकणारा ओळख दाखवत नाही. जे हक्क या लेखात दिले आहेत त्यातला एकही तिथे प्रत्यक्षात वापरता येत नाही.

शेजारच्या शेतकऱ्याकडून त्याच्या घरचे, बिनाब्रँडचे बियाणे घेतले तर बियाणे अधिनियम त्याला लागू नाही; कलम २४ मध्ये तशी सूट आहे. तिथे तुमची तपासणी हाच आधार. गुंडाळी करून पाहून मगच पैसे द्यावेत.

पेरले आणि उगवले नाही

आठव्या-दहाव्या दिवशी ओळी रिकाम्या दिसल्या की पहिले काम तक्रार. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा, सोबत बिल आणि टॅगची प्रत. पोच घ्यावी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते. तिच्यात कृषी विभाग, पंचायत समिती, कृषी विद्यापीठ किंवा संशोधन केंद्र यांचे आणि कंपनीचे प्रतिनिधी असतात.

इथे शेतकऱ्याची खरी कोंडी होते. समितीची वाट पाहिली तर पेरणीची वेळ जाते. वाट न पाहता मोडून दुबार पेरले तर पुरावा जातो. माझा सल्ला असा की सगळे रान मोडू नये. रस्त्याकडेला, सहज दिसेल असा पाच-सहा तासांचा पट्टा मूळ पेरणीचा तसाच ठेवावा, बाकीचे रान मोडण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढावेत आणि ‘वेळेअभावी दुबार पेरणी करत आहे, पट्टा राखून ठेवला आहे’ असे तारखेसह दुसऱ्या अर्जात लिहून द्यावे. दुबारचे बियाणे शक्य तर वेगळ्या लॉटचे घ्यावे. त्याच रानात, त्याच हाताने पेरलेले दुसरे बियाणे चांगले उगवले, तर हा तुमच्या बाजूचा मोठा पुरावा होतो.

कंपनीचे उत्तर ठरलेले असते: पाऊस कमी होता, खोल पेरले, औषध लावताना दाणा फुटला. हे सगळे खरेही असू शकते. सोयाबीन ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल गेले किंवा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरले तर चांगले बियाणेही मार खाते. म्हणून पेरणीची तारीख, खोली आणि महसूल मंडळाच्या पावसाची नोंद वहीत असावी. ‘महावेध’च्या केंद्रांवरून मंडळनिहाय पाऊस मिळतो.

विस्तार कार्यकर्त्यांना इथे एक विनंती आहे. ‘उगवण कमी आढळली’ एवढेच वाक्य लिहिलेला पंचनामा शेतकऱ्याच्या फारसा कामाचा नाही. हरियाणा सीड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन विरुद्ध साधू या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले: पीक वाईट आहे म्हणून बियाणे वाईट होते असे आपोआप ठरत नाही, कारणे इतरही असू शकतात. त्यामुळे पाहणीत प्रत्येक पाच ठिकाणी एक मीटर ओळीतली रोपे मोजा, माती उकरून न उगवलेले दाणे पहा, ते कुजले, कोरडे राहिले की फुगून मेले ते लिहा, पेरणीची खोली मोजा, त्याच लॉटची शेजारची शेते आणि वेगळ्या लॉटची शेते पहा. शेवटी कारण काय, हे स्पष्ट मत लिहा. तेच वाक्य पुढे आयोग वाचतो. बियाणे निरीक्षकाने दुकानात शिल्लक असलेल्या त्याच लॉटचा नमुना त्याच आठवड्यात घेतला पाहिजे. लॉट विकून संपला की ती संधीही जाते.

बियाणे शिल्लक ठेवले नसेल तर सगळे संपले का? नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी सांगितले की शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरतो, त्याने तपासणीसाठी काही बाजूला ठेवले नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येत नाही. बियाणे नियमांप्रमाणे विकणाऱ्याला प्रत्येक लॉटची नोंद ३ वर्षे आणि नमुना लॉट संपल्यावर १ वर्ष ठेवावा लागतो, म्हणजे नमुना सादर करायला त्यालाच सांगता येते. त्याच निकालात आणखी एक गोष्ट ठरली. कंपनीसाठी करारावर बीजोत्पादन करणारा शेतकरीही ‘ग्राहक’च आहे, तो व्यापारी नाही. बीजोत्पादन घेणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तरीही मूठभर बियाणे जपून ठेवलेलेच बरे. खटला जिंकता येतो म्हणून पुरावा फेकून द्यायचा, असे होत नाही.

दाद कुठे मागायची

बियाणे अधिनियमाखाली खटला सरकार भरते. पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा गुन्हा केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे आकडे १९६६ चे आहेत आणि त्यातून तुमच्या पदरात काही पडत नाही. कापसासाठी राज्याचा २००९ चा वेगळा कायदा आहे, त्यात भरपाईची तरतूद आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीकृत वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पादन दिले नाही तर त्या प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. पण व्यवहारात शेतकऱ्याच्या जवळचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे आणि तो परभणीत आहे.

तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय अकोल्यात असो की हैदराबादला. जिल्हा आयोगाची मर्यादा मालासाठी दिलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ती सध्या ५० लाख रुपये आहे. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरही भरता येते आणि आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करावे. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय राहू नये. एकाच लॉटचे अनेक शेतकरी असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. अशी तक्रार जास्त भक्कम असते, कारण वेगवेगळ्या रानांत तोच लॉट फसला हे आपोआप दिसते.

मागणीत बियाण्याची किंमत, पेरणी आणि मशागतीचा खर्च, दुबार पेरणीचा खर्च आणि पिकाचे नुकसान वेगवेगळे लिहावे. पिकाच्या नुकसानीसाठी मागच्या दोन-तीन हंगामांच्या मोंढ्यातल्या काटापट्ट्या आणि सातबारावरची पीक नोंद जोडावी. नुसता मोठा आकडा लिहिला आणि आधार दिला नाही तर तो कापला जातो.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. कायद्यात निकालासाठी ३ महिने, प्रयोगशाळा तपासणी लागली तर ५ महिने असे लिहिले आहे. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो हे धरून चालावे. निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही, छत्रपती संभाजीनगरला राज्य आयोगाचे खंडपीठ बसते.